चौथा रकाना

विडी ओढता? न्हाई.
तंबाखू खाता? न्हाई बाई, तोंडात कद्दी घातली न्हाई.
दारू? यावर ती हसली,
शेजारच्या खाटेवरचीही हसली.
तीन रकान्यांत तीन फुल्या मारून
मी बायाक्का मान्यांचा हात हातात घेतला,
सलाईनला शीर कुठं सापडते बघायला,
आणि माझ्या हातमोज्याला निपाणी लागली.

पिवळट तपकिरी, नखांच्या कडेनं मुरलेली,
बावीस वर्षांची.
दिवसा वखारीत चाळण, रात्री घरी विड्या,
पोर झोळीत, झोळी त्याच धुळीत.
पहाटेच्या एसटीनं संकेश्वर, हत्तरगी करत
बेळगावला आली, चहाही न घेता,
उपाशीपोटी या म्हटलं होतं म्हणून.
तरी पदराला भरल्या पोत्याचा वास.

प्रबंधाला मला चाळीस बाया हव्यात.
लघवीच्या बाटलीवर नाव नसतं, आकडा असतो.
ही सतरावी.
शोधायचं एवढंच, की
जे ओठाला न लागता कातडीतून आत गेलं
ते माझ्या औषधाशी भांडतं का.
हुक्केरी मॅडम म्हणाल्या, छापील फॉर्मात हे बसवणार कुठं?
मी पट्टी घेऊन पेनानं चौथा रकाना आखला.
जरा वाकडा आला.

संमतिपत्र कन्नडात.
काय लिवलंय?
अरिवळिके, मी वाचलं. अरिवु म्हणजे जाण,
ती पुसणं.
आपण मराठीत भूल म्हणतो,
जी रानात पडते
आणि हिशोबात होते.
तिनं दोन्ही ऐकून घेतलं.
परत तर येतीया न्हवं, जाण?
येते, म्हणाले. आणि नमुना द्यायचा नसेल तर नका देऊ,
ऑपरेशन तसंही होणारच आहे.
घ्या की. बाटलीभर पाण्याला काय धाड भरलीया.

अंगठा शाईत बुडवला.
कागदावर नुसता डाग,
रेषा केव्हाच पानांवर घासून गेलेल्या.
पुन्हा घेतला. पुन्हा डाग.
शेवटी शिवलिंगनं खाली लिहिलं, हाच अंगठा,
आणि साक्षीदार म्हणून सही केली.

थिएटरात दिवा खाली ओढला.
पांढरं औषध शिरेत सोडताना
शंभरपासून उलटं मोजा म्हटलं.
उलटं मोजायला तिला कुणी शिकवलं नव्हतं.
पंचवीस, ती म्हणाली, एक कट्टा.
पन्नास.
पाऊण

मनगटावर दोन तारा.
यंत्र चार ठोके देतं,
अंगठा चारदा आत वळतो.
स्नायू सैल पडतील तसा आधी चौथा जातो,
मग तिसरा.
मी घड्याळ घेऊन बसले होते
आणि तो अंगठा असा वळत होता
जसा विडीच्या तोंडाशी वळतो,
पानाची कड आत दाबत.
झोपलेली बाई माझ्यासमोर कामावर होती.
चौथा गेला. तिसरा.
सगळे थांबले तेव्हा वाटलं, हाताला आज सुट्टी मिळाली.
मग लाज वाटली,
असल्या सुट्टीला सुट्टी म्हटल्याची.

पिशवी ट्रेमध्ये ठेवली. मुठीएवढी.
वय छत्तीस, दोन पोरं, एक पोटातच गेलेलं,
हे तिसऱ्या पानावर आहे.

उतारा दिला. एक ठोका.
दुसरा, तिसरा.
चौथ्याची वाट बघताना बाहेर कुणीतरी
तिच्या नवऱ्याला कन्नडात बिल समजावत होतं
आणि तो मराठीत व्हय व्हय करत होता.
चौथा आला.
मी वाकड्या रकान्यात मिनिटं लिहिली.
कारण लिहायला जागा सोडलीच नव्हती.

डोळे न उघडताच तिनं विचारलं,
किती झाल्या?
सतरा, मी म्हणाले, माझ्याच नादात.

सतरा? ती पुटपुटली.
मग छाट लई गेली जनू.